उसना वाढदिवस

तापलेल्या रेडिओला एक वास असे. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू उजळू लागल्या की त्यांच्यावर साचलेली धूळ भाजून निघे, लाकडी पेटीचे जुने पॉलिश किंचित सैलावे, आणि वर अंथरलेल्या भरतकामाच्या रुमालातला साबणाचा नि उन्हाचा गंध त्यात मिसळे. आवाज यायच्या आधी हा वास येई. अजूनही कुठे विजेची एखादी जुनी वस्तू तापली की माझे कान आधी टवकारतात, आणि मग ध्यानात येते की आता बोलणारे कुणी नाही.

भिंगारला लष्कराच्या भांडारात माझे वडील, अण्णा, कारकून होते. दोन खोल्यांचे क्वार्टर, पुढे पडवी, मागे न्हाणीघर आणि त्याच्यापलीकडे छावणीची उंच भिंत. हा रेडिओही छावणीतूनच आलेला. बदली होऊन निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथे अण्णा खुर्ची घ्यायला गेले आणि रेडिओ घेऊन आले. आई बरेच दिवस म्हणत असे, "बसायला गेले आणि ऐकायला घेऊन आले." पहाटे बिगूल वाजे, मग ट्रकांची घरघर सुरू होई, आणि ती विरते न विरते तोच आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू होई. ती दुष्काळाची वर्षे होती. रेशनवर मिलो, परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळे. तिच्या भाकरीला ना चव ना वास. तव्यावर ती विटेसारखी दिसे आणि ताटात गार झाली की विटेसारखीच लागे. टँकर आला की आई आणि आत्या हंडे घेऊन धावत, आणि मी रांगेत लावलेल्या कळशीजवळ उभी राहून आमची जागा राखी.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण शकुंतला. आईवडील ती लहान असतानाच गेले आणि ती आमच्या घरी वाढली. मी तिच्या अंथरुणात झोपे, तिच्या हातून वेणी घालून घेई. भिंतीपलीकडे जवानांसाठी उघड्यावर सिनेमा दाखवीत. पडदा आम्हांला दिसत नसे, पण संध्याकाळी वारा आमच्या बाजूचा असला की गाणी आणि संवाद स्वच्छ ऐकू येत. माझे सिनेमाचे शिक्षण असे कानांनीच झाले. मागच्या पायरीवर बसून आत्या मला चित्रे सांगे.

"आता तिनं पाठ फिरवली."

"तुला कसं कळलं?"

"आवाज लांब गेला ना, कुमे. आणि आता तो रुसलाय."

"तो तर बोललाच नाही."

"म्हणून तर."

सकाळी आठच्या सुमारास रेडिओवर एक छोटा कार्यक्रम लागे. खर्जातल्या आवाजाचे एक गृहस्थ त्या तारखेला जन्मलेल्या नटांची, गायिकांची, वादकांची नावे सांगत. कोणत्या नाटकाचा पडदा त्या दिवशी पहिल्यांदा वर गेला, कोणता बोलपट पहिल्यांदा लागला तेही सांगत. आणि मग एखादे गाणे लावीत. आत्या पिठाचे हात तसेच वर धरून उभी राही. एकदा कानांवरून गेलेले तिच्या डोक्यात कायमचे बसे. एखाद्या सकाळी गृहस्थांच्या आधीच ती नाव सांगून मोकळी होई आणि आई हसून म्हणे, "त्यांना बोलू दे गं, त्यांचा पगार आहे त्याचा." अण्णा दाढी करता करता आरशातूनच म्हणत, "लोकांच्या पंचांगात तिथी, वार, नक्षत्र. आमच्या शकूच्या पंचांगात नट, नटी, तबलजी."

आमच्या घरी वाढदिवस तिथीने होत. माझी तिथी, वार आणि मिनिटापर्यंतची वेळ अण्णांनी नोंदवून ठेवलेली होती. आत्याची मात्र तिथीही नव्हती आणि तारीखही. तिचा जन्म आजोळी, बेलापूरला झाला. अण्णा तेव्हा नगरला वार लावून जेवत आणि शिकत. ते तिला सांगत, "दिवाळीत घरी होतो तेव्हा तू नव्हतीस. मेच्या सुट्टीत गेलो तर पाळण्यात होतीस." शाळेच्या दाखल्यावर एक जून होता, पण त्या काळी आमच्या भागातल्या गुरुजींनी अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातले होते, त्यामुळे त्या तारखेला घरात कुणी तारीख समजत नसे.

एका सकाळी, मी अगदी लहान असताना, रेडिओवरच्या गृहस्थांनी एका जुन्या गाणाऱ्या नटीविषयी सांगितले. तिच्या जन्मानंतर कितीतरी दिवस तिचे नावच ठेवलेले नव्हते म्हणे. मग तिचे गाणे लागले. आत्याची भाकरी तव्यावर करपली, तिच्या ते ध्यानातही आले नाही. गाणे संपल्यावर ट्रंकेतली साडी एका दिवसापुरती मागावी तशा सुरात तिने आईला विचारले, "वहिनी, हा दिवस मी घेऊ?"

"घे की," आई म्हणाली. "दिवसाला काय भाडं पडतं?"

त्या दिवशी दुपारी तिने गुळाचा सांजा केला. पुढच्या वर्षी आईने निरांजन लावून तिला ओवाळले. म्हणाली, घरातल्या पोरीला वर्षातून एक तरी दिवस असावा. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांनीच आठवण केली, "अगं, आज शकूचा वाढदिवस ना?" ती पहिली सकाळ अण्णांनी पाहिलेली नव्हती; त्या दिवशी ते कचेरीला लवकर गेले होते. बेलापूरच्या कुणा नातेवाइकाने कधीतरी सांगितले असेल अशी त्यांची समजूत झाली, आणि ती मोडावी असे कुणाला वाटले नाही, कारण तिच्यात मोडण्यासारखे काही आहे हेच कुणाला दिसले नाही. वर्षानुवर्षे घरात राहिलेली उसनी वाटी आपलीच वाटू लागते, तसे त्या दिवसाचे झाले.

ती तारीख मी इथे लिहिणार नाही. ती आमची नव्हती. परवा माझ्या नातीने मोबाईलवर त्या नटीचे नाव शोधून दाखवले. एका ठिकाणी तिचा जन्मदिवस आत्याने घेतलेलाच आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याहून दोन महिने पुढचा, आणि तिसऱ्या ठिकाणी नुसतेच साल. नात म्हणाली, "आजी, यातली खरी कोणती?" मी चष्मा काढून ठेवला.

आत्याला पाहायला कोल्हारचे एक मास्तर आले तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. सोबत त्यांचे मामा होते, आणि पिशवीत प्रवरेकाठचे पेरू. त्या कोरड्या दिवसांत त्या पेरूंच्या वासाने आमच्या दोन्ही खोल्या भरून गेल्या. मास्तर सडपातळ होते. त्यांच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूला इस्त्रीने जरा पिवळी पडलेली होती, आणि बोलायच्या आधी ते ओठांतल्या ओठांत हसत. लहानपणीच वडील गेलेले. आईने दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून त्यांना वाढवले. तिला दमा होता; त्या दिवशीही त्यामुळेच ती आली नव्हती.

आत्या पोह्यांच्या बश्या ठेवून कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसली. मामांनी विचारायचे ते विचारले: शिक्षण, शिवण, स्वयंपाक. मग मास्तर म्हणाले, "आवड कशाची आहे?"

मी दारातून म्हणाले, "आत्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत."

मला वाटले, अण्णा रागावतील. पण मास्तर सरसावून बसले. त्यांनी स्वतःची जन्मतारीख सांगितली आणि विचारले, "माझ्या दिवशी आणखी कोण?"

आत्याने मान वर केली. "एक विनोदी नट. एक सारंगीवाले. आणि त्याच दिवशी एका नाटक कंपनीचा तंबू जळाला."

"म्हणजे माझ्या नशिबी आग."

"आग विझली की. दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला."

मास्तर मोठ्याने हसले. मामासुद्धा हसले. आत्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आले ते मी त्यापूर्वी फक्त रेडिओसमोर पाहिले होते.

"आणि तुमच्या दिवशी?" मास्तरांनी विचारले.

आत्या ओठ उघडणार तोच अण्णांनी ती तारीख सांगितली. सालासकट, ठामपणे आणि थोड्या अभिमानानेही; कारण आईवडिलांविना वाढलेल्या बहिणीची तारीख आपल्याला तोंडपाठ आहे हे त्यांना त्या पाहुण्यांपुढे दाखवता आले. मामांनी खिशातून कागद काढला. "वेळ?"

"सकाळची. आठच्या सुमारास," अण्णा म्हणाले. ओवाळणे दरवर्षी त्याच वेळी होत असे.

मी आत्याकडे पाहिले. तिचा हात बशीच्या काठावर थांबला होता. थोरला भाऊ पाहुण्यांसमोर बोललेला, आणि समोर तो माणूस अजून हसतच होता. तिने ती तारीख तशीच राहू दिली. मला वाटते, तिलाही त्यात धोका दिसला नसावा. तिच्यापुरता तो तिचाच दिवस होता. जाताना मास्तर उंबऱ्यापाशी रेंगाळले आणि म्हणाले, "पेरू लवकर खा. ठेवले तर मऊ पडतात." वाक्य एवढेच, पण आत्याने ते मला रात्री अंथरुणात दोनदा सांगितले.

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तर एकदा एकटेच येऊन गेले. नगरला पुस्तके घ्यायला आलो होतो, म्हणाले. भिंगार काही पुस्तकांच्या दुकानाच्या वाटेवर नाही. आईने गुळाचा चहा केला. तो त्यांनी इतका सावकाश प्यायला की शेवटी कपात नुसती भुकटी उरली.

मग मामांचे बोलावणे आले आणि अण्णा कोल्हारला गेले. परतले ते पायांतल्या वहाणा न काढताच पडवीत बसले. आमच्याही ओळखीच्या एका जोशाने पत्रिका मांडली होती. मुलीचे नक्षत्र आश्लेषा निघाले. आश्लेषावरची सून सासूला वाईट, असे तेव्हा सर्रास मानत. आणि इथे सासू म्हणजे मुलाचे सगळे जगच, तीही दम्याने खंगलेली.

"त्या बाईंचं मी काय चुकीचं म्हणू?" अण्णा म्हणाले. "त्या म्हणाल्या, मला मरायचं भय नाही, पण मी गेले तर तो जन्मभर हिच्याकडे त्याच नजरेनं बघेल."

आत्या आतून पडवीत आली. पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"दादा, ती माझी तारीख नाही."

"काय?"

"रेडिओवरची आहे. एका नटीची. मी घेतली होती. वहिनींना विचारा."

अण्णांनी आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली. "घे म्हणाले होते मी," ती म्हणाली. "पोरखेळ होता हो."

अण्णा रागावतील म्हणून मी दाराआड सरकले. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, मग प्रश्नच मिटला. नटीचं नक्षत्र आश्लेषा, तुझं कुठं? उद्याच जातो आणि सांगतो."

ते खरोखरच दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, पाणी दिले, आणि विचारले, "पत्रिका जुळली असती तर ही तारीख खरीच होती ना?" त्याचे उत्तर मला आजही सुचलेले नाही. मामा वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडून दिवस काढून आणा. आम्ही पुन्हा मांडू."

हजर असलेले कुणी म्हणजे बेलापूरची गऊबाई सुईण. ती अजून आहे असे कळले. रविवारी अण्णा, आत्या आणि मी एसटीने निघालो. आत्या खिडकीशी बसली होती. बाहेर कोरडी शेते, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे, आणि उघड्या खिडकीतून येणारी पांढरी धूळ. वाटेत तिने मला विचारले, "कुमे, कुठला महिना निघेल गं?" मी म्हटले, फाल्गुन. मला होळी आवडे. ती म्हणाली, "मला कुठलाही चालेल."

गऊबाई वेशीजवळच्या घराच्या ओट्यावर लसूण सोलीत बसली होती. डोळे गढूळ झालेले, पण बोटे अजून चपळ. अण्णांनी ओळख सांगितली तशी तिने आत्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. तिच्या हातांचा लसणाचा वास आत्याच्या गालांना लागला आणि परतीच्या वाटेवर सगळा वेळ येत राहिला.

"माजी कोंडाबाई," ती म्हणाली.

"हिचं नाव शकुंतला," अण्णा म्हणाले.

"ते मागनं ठिवलं. आदी कोंडाबाई. हिच्या आदीच्या तीन पोरी गेल्या हुत्या तुमच्या आईच्या. सटवी टिकू देत न्हवती. मग ही झाली तशी तिनं हिला माज्या पदरात टाकली, म्हनली, गऊबाई, तुजी लेक. आन मग सूपभर कोंडा देऊन माज्याकडनं इकत घेतली. म्हंजे काळाला वाटावं, ही त्या घरची न्हवंच."

आत्या हे पहिल्यांदाच ऐकत होती. अण्णाही.

"गऊबाई, दिवस कोणता होता?" अण्णांनी विचारले. "तिथी, वार, काहीही. सण जवळ होता का?"

"न्हाई आठवत, बाबा."

"थंडी होती का? शेगडी होती?"

"बाळंतिनीच्या खोलीत शेगडी बारा म्हैने आसती."

"बघा जरा आठवून. फार मोठं काम अडलंय."

गऊबाईने लसणाची कुडी खाली ठेवली. "तुमाला ठाव न्हाई. तिनं मला शपथ घातली हुती. दिस कुनाला सांगायचा न्हाई, कुटं लिवायचा न्हाई. लिवला की काळाला पत्ता लागतुया. म्हनली, गऊबाई, तू बी इसर. म्या म्हनलं, मी कशाला सांगतीय? तर म्हनली, न्हाई, सांगू नगं न्हवं, इसरच." तिने कुडी पुन्हा उचलली. "मग म्या इसरले. रोज सांजच्याला येक येक करून इसरले. लई जपून इसरले, बाई. म्हनून तर तू हायस."

ओट्यापाशी एक शेळी येऊन लसणाची साले हुंगून गेली. मग गऊबाईनेच अण्णांचा हात धरला. "तुमाला कंचा दिस पायजे त्यो सांगा. म्या म्हनते. हितं पंचांसमोर म्हनते. ह्या वयात मला काय पाप लागतंय?"

अण्णांनी जन्मात खोटे बोललेले मी ऐकले नव्हते. कचेरीतली पेन्सिलसुद्धा ते घरी आणत नसत. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि मला दिसले की ते तयार आहेत. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण गोंधळ पसरला. ते आत्याकडे वळले. "पण शकू," ते म्हणाले, "कुठला सांगायचा?"

खोटे बोलायलाही दिवस हवा होता, आणि तो चांगला आहे की वाईट हे सांगणारा जोशी हवा होता. आणि असा जोशी आमच्या ओळखीचा एकच, ज्याने आश्लेषा काढून दिले तो. आत्याला हसू आले. खरेखुरे हसू आले तिला, आणि ते आवरेना. हसता हसता तिने गऊबाईच्या मांडीवर डोके टेकवले. गऊबाई तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली आणि म्हणत राहिली, "व्हय गं, व्हय." किती वेळाने ते हसू राहिले नाही, हे मला कळले नाही. पाठ तशीच हलत होती.

मास्तर त्यानंतर एकदाच आले. आत येऊन बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "आईला मी एकटाच आहे."

"त्यांना जपा," आत्या म्हणाली.

"मला स्वतःला यातलं काही खरं वाटत नाही."

"मला ठाऊक आहे."

"तिला ते खरं वाटतं. आणि ती रात्र रात्र बसून असते, श्वास पुरत नाही म्हणून. तेव्हा मी..." आत्याने आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. ते पाणी प्यायले, तांब्या दोन्ही हातांनी परत केला आणि उन्हात चालू लागले. मी पडवीतून पाहत होते. त्यांना थांबवण्यासारखे एखादे वाक्य जगात कुठेतरी असेल, असे मला वाटत होते. मी इतक्या संध्याकाळी भिंतीपलीकडचे संवाद ऐकले होते, आणि तिथे कुणी ना कुणी ऐन वेळी काही तरी बोलून जात असे. आमच्याकडे कुणाला काही सुचले नाही. आई चुलीपाशी होती. अण्णा कचेरीत होते. आत्याने तांब्या विसळून पालथा घातला.

त्यानंतर रेडिओ बंद झाला असे नाही. अण्णा बातम्या लावीत. आठच्या आधी मात्र ते न बोलता बटण फिरवून दाढीला बसत, आणि स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज एकटाच चाले. आत्या आधीसारखीच वागे. माझी वेणी घाली, टँकरला धावे. भिंतीपलीकडे सिनेमा लागला की मी पायरीवर जाऊन बसे, आणि ती कधी येई, कधी येत नसे. आली तरी चित्रे सांगत नसे. मीही विचारत नसे.

आणि मग ती तारीख पुन्हा आली. ती येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, आणि काय करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. सकाळी आई देवघरापाशी निरांजन हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मग तिने ते देवापुढेच लावले. ओवाळावे तर त्या दिवसाने काय केले ते सगळ्यांसमोर होते, आणि न ओवाळावे तर पोरीचा असलेला एकुलता एक दिवसही हिरावून घ्यायचा. अण्णा कचेरीला निघताना दोनदा परत फिरले, एकदा छत्रीसाठी आणि एकदा उगाच. पावसाचे दिवस नव्हते. मी शाळेतून येईपर्यंत घरात त्या दिवसाविषयी एक शब्दही निघाला नसावा; आई आणि आत्या समोरासमोर बसून मिलो निवडीत होत्या, आणि परातीत दाणे पडल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

संध्याकाळी अण्णा आले. त्यांच्या हातात कागदात बांधलेला छोटा पुडा होता. साखर रेशनवर मोजून मिळण्याच्या त्या दिवसांत त्यांनी बाजारातून पेढे आणले होते. आत्यासमोर जायचा त्यांना धीर झाला नाही. पुडा त्यांनी माझ्या हातात दिला, आत मानेने खूण केली, आणि वहाणा काढण्याच्या निमित्ताने पडवीतच बसून राहिले. कागदावर तुपाचे डाग उमटले होते. खव्याचा नि वेलदोड्याचा वास माझ्या बोटांना लागला. मी पुडा सोडला, एका वाटीत पेढे ठेवले आणि आत गेले. आत्याने मांडीवरची परात खाली ठेवली. वाटीकडे पाहिले, दारापलीकडे बसलेल्या भावाच्या पाठीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहून, अगदी हलक्या आवाजात, तिने विचारले, "कसले?"